फुकट आणि मुक्त : ब्राउझरमधल्या व्हिडिओचा परवाना

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे कोडेक-बिडेक तुमच्याकडे कुठून आलं? खरं सांगायचं तर ते माझ्याकडे एका काळ्या पडद्यातून आलं.

निवृत्तीनंतर मी एका वाचनालयात आठवड्यातून एकदा मुलांना शिकवायला जातो. तिथले संगणक जुने. नवे घ्यायला पैसे नव्हते, म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्यावर लिनक्स टाकून दिलं. उत्तम चाललं होतं. एके दिवशी मी माझ्याच एका व्याख्यानाचं चित्रीकरण मुलांना दाखवायला बसलो. फाइल होती, ब्राउझर होता, इंटरनेट होतं, चित्र मात्र नव्हतं. मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, कोडेक नाहीये. मी येऊन टाकून देतो. त्यांना तो बरोबर देता येत नाही." मी विचारलं, "म्हणजे त्यांना बनवता येत नाही का?" तर म्हणाला, "बनवता येतो सर. बनवलेला आहे. देता येत नाही."

बनवता येतं, पण देता येत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आयुष्यभर मी 'करता येणं' या क्रियापदावर शिकवत आलो. 'येतं' आणि 'चालतं' यांत फरक काय, सामर्थ्य आणि अधिकार यांत फरक काय, हे सगळं. ते एवढ्या नेमकेपणाने कुणी माझ्यासमोर मांडलं नव्हतं. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. आज त्यातून जे हाती आलं ते सांगतो, आणि त्यावर माझी टीकाही सांगतो.

आधी कोडेक म्हणजे काय ते पाहू. साधा हिशेब करा. पडद्यावरचं एक चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. एका चित्राचे झाले सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रं धरा, म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट. एका तासाचं व्याख्यान काही न दाबता साठवलं तर साधारण ५६० गिगाबाइट. हे कुणाच्या फोनवर पोचणार? म्हणून ते दाबावं लागतं. माझ्या मागची भिंत तासभर हलत नाही, तर ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? फक्त बदललं ते पाठवा. माझा हात डावीकडून उजवीकडे गेला, तर 'तोच हात, एवढा सरकला' इतकंच पाठवा. दाबण्याची आणि उलगडण्याची ही जी रीत, ती कोडेक. ज्या रीतीने पाठवलं ती रीत समोरच्याला ठाऊक नसेल, तर त्याला काळा पडदा दिसणार. भाषेचंही असंच असतं.

आता या रीतींत सर्वांत पसरलेली रीत म्हणजे एच.२६४. २००३ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि एमपीईजी या दोघांनी मिळून ती मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्या बाबतीत तीन थर वेगळे करून बघा, कारण सगळा घोळ हे थर एकमेकांत मिसळल्याने होतो. पहिला थर मानकाचा. ते छापलेलं आहे, कुणीही वाचावं. दुसरा थर प्रणालीचा, म्हणजे कोडचा. एक्स२६४ नावाचा उत्तम एन्कोडर जीपीएल परवान्याखाली खुला आहे. तिसरा थर पेटंटचा. या रीतीतल्या शेकडो कल्पनांवर अनेक कंपन्यांची पेटंटं होती आणि त्यांची एकत्रित वसुली एमपीईजी-एलए ही संस्था करत असे. वाचा, लिहा, पण वाटायचं असेल तर पैसे मोजा.

दर काय होता? ब्राउझरसारख्या उत्पादनाच्या पहिल्या १ लाख प्रतींना दरवर्षी माफी, त्यापुढे प्रतीमागे २० सेंट, ५० लाखांच्या वर १० सेंट. मोठ्या कंपनीसाठी वर्षाची कमाल मर्यादा होती, २०११ ते २०१५ या काळात ६५ लाख डॉलर. तुम्ही म्हणाल, दर काही फार नाही. बरोबर आहे. लोक इथेच फसतात. मुक्त प्रणालीची खरी अडचण मोजणीची आहे. परवाना म्हणतो, प्रती मोजा. आणि मुक्त प्रणालीचं सगळं असणंच असं, की मी तुम्हाला दिली, तुम्ही शेजाऱ्याला दिली, त्याने थोडी बदलून गावाला दिली. कोण मोजणार? ज्या क्षणी मोजणी सुरू होते त्या क्षणी 'पुढे द्या' हा हक्क संपतो. १९९१ सालच्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सातवं कलम आहे, त्याचा आशय असा : पेटंटमुळे तुम्हाला ही प्रणाली सर्वांना विनामोबदला पुढे वाटू देता येत नसेल, तर तुम्ही ती मुळीच वाटू नका. कडक वाटतं, पण विचार पक्का आहे. अर्धवट स्वातंत्र्य वाटण्यापेक्षा थांबलेलं बरं.

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण होते. ते म्हणतात, 'जिथे धूर तिथे अग्नी' हे खरं, पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं लाकूड लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी नाव दिलं उपाधी. आपण इतकी वर्षं म्हणत आलो, 'जिथे कोड खुला, तिथे स्वातंत्र्य.' व्याप्तीसारखं दिसतं, पण यात उपाधी लपलेली आहे : त्या कोडमधल्या कल्पनेवर तिसऱ्याच कुणाचा हक्क नसला पाहिजे. कोड लिहिणारा आपला कॉपीराइट सोडू शकतो. दुसऱ्याचं पेटंट तो कसं सोडणार?

आता इतिहास, थोडक्यात. २००४ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने धोरण केलं, की वेबचं मानक वापरायला कुणालाही रॉयल्टी द्यावी लागू नये. फार मोठी गोष्ट होती ही. २००७ साली ऑपेरा ब्राउझरच्या मंडळींनी सुचवलं की जशी चित्रासाठी खूण आहे तशी व्हिडिओसाठीही असावी, फ्लॅशचं ओझं नको. मसुद्यात आलं, की सर्व ब्राउझरांनी ऑग थिओरा हा रॉयल्टीमुक्त कोडेक चालवावा. ॲपल आणि नोकियाने हरकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात ते वाक्य निघालं. २००९ साली संपादक इयन हिक्सन यांनी हात टेकले. ॲपल थिओरा घेईना, कारण त्यासाठी हार्डवेअर नाही आणि त्यावर कुणाचं पेटंट निघेल याचा भरवसा नाही. मोझिला आणि ऑपेरा एच.२६४ घेईनात, कारण परवाना. शेवटी मानकात व्हिडिओची खूण राहिली आणि व्हिडिओ कोणत्या रीतीचा ही जागा कोरी राहिली. २०१४ साली एचटीएमएल५ पक्कं झालं तेव्हाही ती कोरीच होती. निमंत्रणपत्रिका छापली, स्थळ लिहायचं राहिलं!

ही कोरी जागा निष्पाप नव्हती. जिथे नियम गप्प बसतो तिथे बाजार बोलतो. २००९ च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ थिओरा घेऊन आला. २०१० साली गूगलने ऑनटू ही कंपनी ताब्यात घेतली आणि तिचा व्हीपी८ कोडेक वेबएम या नावाने खुला केला. जानेवारी २०११ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्रोममधून एच.२६४ काढून टाकू. मोझिलाला वाटलं, आता मोठा साथीदार आला. पण क्रोममधून एच.२६४ कधी गेलंच नाही. दरम्यान एमपीईजी-एलएनेही शहाणपणाची खेळी केली. प्रेक्षकाला फुकट दिसणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर रॉयल्टी घेणार नाही, असं ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं. व्हिडिओ ठेवणाऱ्याला माफी मिळाली, ब्राउझर बनवणाऱ्याला नाही. लोकांना मात्र वाटलं, प्रश्न मिटला.

मार्च २०१२ मध्ये मोझिलाने माघार घेतली. मोबाइलवर, जिथे यंत्रणेतच एच.२६४ उलगडण्याची सोय आहे, तिथे ती वापरू असं ठरलं. अँड्रियास गाल यांनी प्रस्ताव मांडला, ब्रेंडन आईक आणि मिचेल बेकर यांनी जाहीर लिहून बाजू मांडली. आता माझी टीका इथून सुरू होते, पण ती नीट ऐका.

माघार घेतली याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता. तत्त्व आमचं आणि त्रास वापरणाऱ्याचा, असं किती दिवस चालवायचं? लोक दुसऱ्या ब्राउझरकडे गेले तर तत्त्व कुणाजवळ सांगणार? उपास करणाऱ्याने स्वतःचा उपास करावा, घरातल्या पोरांना उपाशी ठेवू नये. हे मला पटतं. माझा आक्षेप वेगळा आहे. 'यंत्रणेची सोय वापरू' याचा अर्थ काय होतो? ज्याच्या यंत्रणेचे पैसे कुणीतरी भरलेत, त्याला चित्र दिसेल. विंडोजवाल्याचे भरलेले, मॅकवाल्याचे भरलेले, फोनवाल्याचे भरलेले. मग उरला कोण? ज्याने फुकट आणि मुक्त यंत्रणा घेतली तो. म्हणजे ज्या समाजाच्या जोरावर मोझिला उभी राहिली, नेमका तोच या सोयीबाहेर राहिला. माझ्या वाचनालयातली मुलं त्याच रांगेत शेवटी उभी होती.

मग ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्को पुढे आली. म्हणाली, आम्ही एच.२६४ चा कोड बीएसडी परवान्याखाली खुला करतो, तयार बांधलेलं मॉड्यूलही देतो आणि त्याची रॉयल्टी आम्ही भरतो. वर्षाच्या कमाल मर्यादेमुळे हे शक्य होतं. एकदा ती रक्कम भरली की पुढच्या कोटी प्रतींचा वेगळा खर्च नाही. याचं नाव ओपनएच२६४. पुढच्या ऑक्टोबरात फायरफॉक्स ३३ मध्ये व्हिडिओ-संवादासाठी ते आलं.

आता यातली गंमत बघा. कोड खुला आहे. तुम्ही तो घेतला, स्वतः बांधला, आणि समजा बिट न् बिट सिस्कोसारखंच मॉड्यूल तयार झालं. तरी सिस्कोने भरलेली रॉयल्टी तुमच्या मॉड्यूलला लागू नाही! ती फक्त सिस्कोच्या सर्व्हरवरून थेट वापरणाऱ्याच्या संगणकावर उतरलेल्या प्रतीला लागू. म्हणून लिनक्सची फेडोरासारखी वितरणंसुद्धा ते स्वतःच्या भांडारात ठेवत नाहीत, सिस्कोकडून उतरवण्याची वाट करून देतात. दोन वस्तू कोणत्याही गुणात वेगळ्या नसतील तर त्या दोन नव्हेतच, असं लायब्निट्स म्हणतो. त्याला हे दाखवायला हवं होतं. गुण तेच, पण एक वैध आणि एक अवैध, कारण एक आली अमक्याच्या दारातून.

माझ्या वडिलांच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यातून माणसं शिकली, मोठी झाली. त्या अन्नाला मी नावं ठेवणार नाही, सिस्कोच्या देणगीलाही ठेवत नाही. पण वारावर जेवणाऱ्याला एक गोष्ट करता येत नसे : आपल्या ताटातलं उचलून दाराशी उभ्या असलेल्या मित्राला देता येत नसे. त्यालाही हवं तर त्याने त्या घरी स्वतः जाऊन विचारायचं. पोट भरतं, यजमानपण मिळत नाही. मुक्त प्रणालीचं मर्म तर यजमानपणात आहे, मला मिळालेलं मी पुढे देईन यात. फुकट आणि मुक्त यांतला फरक इथे आहे.

आणि ते ताटही अर्धंच होतं. नेहमीच्या एमपी४ फाइलीत चित्र एच.२६४ चं असतं, पण आवाज बहुधा एएसीचा. सिस्कोच्या व्यवस्थेत तो आवाज नव्हताच. चित्राला यजमान मिळाला, आवाजाला नाही.

मोझिलाच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. त्यांनी हे दान घेऊन हात बांधून बसायचं ठरवलं नाही. झिफच्या मंडळींबरोबर त्यांनी डाला नावाचा नवा कोडेक करायला घेतला होता. पुढे त्यातल्या काही कल्पना एव्ही१ मध्ये गेल्या. एव्ही१ ची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. २०१३ मध्ये एच.२६४ चा वारस एचईव्हीसी आला. त्याच्या पेटंटवाल्यांचं एका ठिकाणी जमेना. एमपीईजी-एलएचा एक गट, २०१५ मध्ये एचईव्हीसी ॲडव्हान्स हा दुसरा, २०१७ मध्ये व्हेलोस हा तिसरा, आणि काही कंपन्या कुठल्याच गटात नाहीत. एका रस्त्यावर तीन टोलनाके, आणि पुढे किती आहेत ते कुणी सांगेना. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स एकत्र आले आणि २०१८ च्या मार्चमध्ये रॉयल्टीमुक्त एव्ही१ बाहेर पडला. त्याच वर्षी जानेवारीत एमपीईजीचे संस्थापक लिओनार्दो क्यारिल्योने यांनी स्वतः लिहिलं, की आमची जुनी आर्थिक घडी मोडली आहे.

पुष्कळ लोक याला मुक्त वेबचा विजय म्हणतात. मीही टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना विचारलं पाहिजे, जिंकलं कोण? २००७ साली तत्त्व होतं, थिओरा होता, धोरण होतं. हरलो. २०१५ साली मोठ्या कंपन्यांना हिशेब परवडेना, तेव्हा जिंकलो. म्हणजे आपलं स्वातंत्र्य मोठ्यांच्या काटकसरीतून आलं. उद्या त्यांचं गणित बदललं तर? २०१९ मध्ये सिस्वेलने एव्ही१ वरही पेटंटगट जाहीर केलाच. शंकेचं सावट तिथेही आहे.

आणि जुनं भूत गेलेलं नाही. २०२२ साली फेडोराने आपल्या ग्राफिक्स प्रणालीतून एच.२६४ आणि एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडण्याची सोय कायदेशीर कारणाने बंद केली. विचार करा, चिप तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेली. तिला ते काम येतं. पण तिला 'कर' म्हणून सांगणाऱ्या चार ओळी देता येत नाहीत. पुन्हा तेच : येतं, पण देता येत नाही.

आपल्याकडे काय? भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे. गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणकप्रणाली यांना पेटंट नाही. २००४ च्या अध्यादेशात ते सैल करायचा प्रयत्न झाला, २००५ च्या कायद्यात तो टाकून दिला. अर्थात हार्डवेअरशी जोड दाखवून पेटंटं मिळतातही, त्यामुळे आपण पूर्ण मोकळे आहोत असं समजू नका. पण मुद्दा पुढचा आहे. ब्राउझर एका देशासाठी बांधत नाहीत. सगळ्या जगाला एकच प्रत जाते, आणि जिथला कायदा सर्वांत कडक, तो त्या प्रतीबरोबर प्रवास करतो. आपल्या संसदेने जे दार मोकळं ठेवलं ते आपल्या वाचनालयात येईपर्यंत बंद झालेलं असतं. यावर आपण मत दिलेलं नाही, कुणी मागितलंही नाही.

याच्या उलट उदाहरण सांगतो. २०१४ च्या सुरुवातीला विकिमीडिया कॉमन्सच्या लोकांसमोर प्रश्न ठेवला गेला, एमपी४ घ्यायचं का? चर्चा झाली, मतं पडली, समाजाने नाही म्हटलं. त्याची किंमत होती. मराठी विकिपीडियासाठी कुणी फोनवर घाटावरची आरती चित्रित केली, तर ती आधी वेबएममध्ये बदलून मगच चढवायची. गैरसोयच ती. पण ती त्यांनी मोजून, आपापसात बोलून पत्करली. मोझिलाच्या आणि कॉमन्सच्या निर्णयात मला महत्त्वाचा फरक दिसतो तो हा. कुणी तडजोड केली आणि कुणी नाही, हे दुय्यम. गैरसोय कुणाच्या वाट्याला येणार त्याला विचारलं होतं का, हे मुख्य.

शेवटचा मुद्दा काळाचा. पेटंट अर्जापासून वीस वर्षं चालतं. एलझेडडब्ल्यूचं अमेरिकन पेटंट २००३ मध्ये संपलं आणि जिफ मोकळं झालं. एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. एच.२६४ ची मूळ पेटंटंही याच वाटेने चालली आहेत. म्हणून काही जण म्हणतात, थांबा की थोडं. मी म्हणतो, वीस वर्षं म्हणजे वेबच्या आयुष्यातली एक पिढी. ज्या मुलाला दहाव्या वर्षी चित्र दिसलं नाही, त्याला तिसाव्या वर्षी दाखवून काय उपयोग?

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. कोणतीही रीत 'मुक्त' म्हणून समोर आली की तीन प्रश्न विचारा. मला ती बनवता येते का? पुढे देता येते का? आणि घेणाऱ्याला, माझ्याशिवाय आणखी कुणाचं दार न वाजवता, ती वापरता येते का? तीन्हींना हो असेल तर मुक्त म्हणा. एकालाही नाही असेल तर फुकट म्हणा, आभार माना, पण मुक्त म्हणू नका. शब्द चुकीचा वापरला की गरजच दिसेनाशी होते.

इथे थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आज जवळजवळ सगळीकडे व्हिडिओ चालतोच. मग सामान्य माणसाला फरक काय पडतो?

उत्तर : पाहणाऱ्याला कमी पडतो, हे कबूल. ठेवणाऱ्याला पडतो. आपण व्याख्यानं, कीर्तनं, म्हाताऱ्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवतो आहोत. ते पन्नास वर्षांनी उघडायचं असेल तर उघडण्याची रीत कुणाच्याही मर्जीवर असू नये. म्हणून तुमच्यापैकी जे असं काही साठवतात त्यांना माझी विनंती, की फोनमधली फाइल राहू द्या, पण एक प्रत रॉयल्टीमुक्त रीतीतही करून ठेवा. आणि वाचनालयातल्या त्या मुलांचं विचाराल, तर माझा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी येऊन कोडेक टाकून गेला, व्याख्यान दिसलं. एका मुलीने विचारलं, "आजोबा, हे काल का नव्हतं?" मी तिला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मग ज्यांच्याकडे तो दादा येत नाही त्यांचं काय?" तिला उत्तर द्यायला म्हणून हे व्याख्यान तयार केलं.